अटलांटिकच्या केबलचं खापर एका माथी

अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल १८५८ साली पडली आणि महिनाभरात मुकी झाली, यावर कोणाचा वाद नाही. ती का मुकी झाली याचं उत्तर मात्र गेली दीडशेहून अधिक वर्षं एकाच साच्यातून निघत आलं आहे. ब्रायटनचे एक शल्यचिकित्सक होते, एडवर्ड ऑरेंज वाइल्डमन व्हाइटहाउस. विजेतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण कंपनीने त्यांनाच मुख्य विद्युततज्ज्ञ नेमलं. संदेश क्षीण येऊ लागले तशी त्यांनी पाच फुटी इंडक्शन कॉइल लावून केबलमध्ये २,००० व्होल्टचा दाब सोडला. आवरण जळालं, केबल मेली. मग शहाण्या प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, सूत्रं हाती घेतली आणि १८६६ मध्ये यश मिळालं. लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत, अभियांत्रिकीच्या वर्गांत, व्याख्यानांत ही गोष्ट आजही अशीच सांगितली जाते.

ही गोष्ट चुकीची आहे. तिच्यातला प्रत्येक शब्द खोटा नाही. पण कारणांचा क्रम, जबाबदारीची वाटणी आणि त्यातून काढलेला धडा, तिन्ही चुकीची आहेत. शिवाय ती निरुपद्रवीही नाही. एका माणसाच्या हेकेखोरपणावर सगळं ढकललं की ज्यांनी घाईने करार केले, तपासणी न करता माल स्वीकारला आणि भांडवलदारांना तारखा देऊन ठेवल्या, ते सगळे अलगद सुटतात.

आधी तारखा पाहू. केबलची दोन्ही टोकं ५ ऑगस्ट १८५८ रोजी किनाऱ्याला लागली, एक आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावर आणि दुसरं न्यूफाउंडलंडच्या ट्रिनिटी बेमध्ये. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला संदेश १६ ऑगस्टला गेला. जेमतेम शंभर शब्दांच्या त्या संदेशाला सोळा-सतरा तास लागले. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, संचालक मंडळाने व्हाइटहाउस यांना बडतर्फ केलं. तेव्हा केबल जिवंत होती आणि पुढे दोन आठवडे ती संदेश नेत राहिली. तिने केलेलं सर्वांत मोलाचं काम तर ३१ ऑगस्टचं आहे. १८५७ च्या उठावामुळे हिंदुस्थानात फौजा हव्या होत्या, म्हणून कॅनडाच्या बाजूच्या दोन पलटणींना परत येण्याचे हुकूम जहाजाच्या डाकेने गेले होते. हॅलिफॅक्सची ६२ वी आणि मॉन्ट्रियलची ३९ वी, अशा या दोन पलटणी होत्या. पण ऑगस्टअखेर लंडनला त्यांची निकड उरली नव्हती. तात्या टोपे अजून मध्य हिंदुस्थानात लढत होते, पण ग्वाल्हेर पडलं होतं आणि झाशीची राणी जून महिन्यातच धारातीर्थी पडली होती. पलटणींनी निघू नये हा निरोप केबलवरून वेळेत पोचला आणि ब्रिटिश सरकारचे पन्नास हजार पौंडांच्या आसपास वाचले. व्हाइटहाउस यांनी केबल जाळून मारली असं म्हणायचं, तर त्यांना घरी पाठवल्यावर दोन आठवड्यांनी तिने हे काम कसं केलं, याचं उत्तर द्यावं लागतं. केबल बंद पडू लागली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, व्हॅलेन्शियाच्या खोलीत थॉमसन बसलेले असताना.

मग २,००० व्होल्टचं काय? हा आकडा इतक्या वेळा छापला गेला आहे की जणू कोणी तो उपकरणावर वाचून वहीत टिपला होता. प्रत्यक्षात १८५८ साली व्होल्ट हे एककच नव्हतं. विद्युत एककांना नावं द्यावीत ही सूचना १८६१ मध्ये पुढे आली, आणि व्होल्टला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळायला १८८१ उजाडावं लागलं. त्या खोलीत दाब मोजण्याचं असं एकही साधन नव्हतं ज्याचा आकडा आज जसाच्या तसा घेता येईल. दोन हजार हा नंतर बांधलेला अंदाज आहे. कॉइल जबरदस्त होत्या आणि त्यांचा झटका मोठा होता, हे खरंच. पण अंदाजाला मोजमापाचा दर्जा देऊन त्यावर एका माणसाला दोषी ठरवणं हा न्याय नव्हे. शिवाय संदेश मंदावल्यावर घाबरून दाब वाढवला, हा गोष्टीतला नाट्यमय भागही टिकत नाही. कॉइल ही ऐनवेळची घबराट नव्हती, ती व्हाइटहाउस यांची आधीपासून ठरलेली पद्धत होती. संचालकांना ती ठाऊक होती आणि तिच्या उपकरणांचा खर्च कंपनीनेच केला होता.

आता केबलकडे वळू. खरा खटला तिथे आहे.

अटलांटिक टेलिग्राफ कंपनी १८५६ च्या अखेरीस उभी राहिली. हजार पौंडांचा एक असे साडेतीनशे भाग विकून भांडवल जमलं. त्यातले अठ्ठ्याऐंशी एकट्या सायरस फील्ड यांनी घेतले. फील्ड न्यूयॉर्कचे, कागदाच्या व्यापारात पैसा कमावलेले गृहस्थ. त्यांची जिद्द निर्विवाद होती, पण त्यांना पुढचा उन्हाळा गाठायचा होता. अटलांटिकवर असं काम करण्याजोगं हवामान वर्षात थोडेच आठवडे मिळतं. १८५७ चा उन्हाळा हुकला की वर्ष गेलं. म्हणून कंपनीकडे स्वतःचं प्रयोगांचं कसलंही भांडार नसताना अडीच हजार नॉटिकल मैल केबल काही महिन्यांत तयार करण्याचे करार झाले. मुख्य अभियंता चार्ल्स ब्राइट यांची नेमणूक होण्याआधीच केबलचा नमुना जवळपास ठरून गेला होता.

तो नमुना कसा होता? मध्ये तांब्याच्या सात बारीक तारांचा पीळ, त्याभोवती गटापर्चाचं आवरण, आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. गटापर्चा हा मलाया आणि त्या भागातल्या बेटांवरच्या झाडांचा चीक. थंड पाण्यात तो कडक राहतो आणि विजेला अडवतो, म्हणून त्याच्याशिवाय त्या काळी समुद्रतळाच्या तारा शक्यच नव्हत्या. दर नॉटिकल मैलाला तांबं १०७ पौंड आणि गटापर्चा २६१ पौंड, असं या केबलचं प्रमाण होतं. ब्राइट यांनी तांबं याच्या तिपटीहून जास्त मागितलं होतं. ते महाग पडतं आणि वजन वाढतं म्हणून नाकारलं गेलं. थॉमसन यांचं गणितही ब्राइट यांच्या बाजूचं होतं. लांबी दुप्पट केली की संदेश पसरून मंदावण्याचं प्रमाण चौपट होतं, हे त्यांनी १८५४-५५ मध्येच मांडलं होतं. त्यावर उपाय एकच, जाड तार आणि जाड आवरण. १८६५ च्या केबलमध्ये दर मैलाला तांबं ३०० पौंड आणि गटापर्चा ४०० पौंड घातलं गेलं. हा फरक हेच एका अर्थाने १८५८ च्या निर्णयावरचं शिक्कामोर्तब आहे.

इथे व्हाइटहाउस यांच्यावरचा एक आरोप खरा आहे. थॉमसन यांचा हा लांबीच्या वर्गाचा नियम त्यांनी मानला नाही. १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी तो जाहीरपणे खोडायचा प्रयत्न केला आणि बारीक तारेचा पक्ष घेतला. पण त्या पक्षात ते एकटे नव्हते. सॅम्युअल मोर्स त्याच मताचे होते आणि खुद्द मायकल फॅरडे यांनीही बारीक तारेला अनुकूल मत दिलं होतं. १८५६ च्या ऑक्टोबरात एका रात्री जमिनीखालून जाणाऱ्या तारा एकमेकींना जोडून दोन हजार मैलांचा मार्ग तयार केला गेला, तेव्हा मोर्स आणि ब्राइट दोघेही हजर होते. त्या रात्री मिनिटाला दोनशेहून जास्त संकेत उमटले. एकाच खंदकातल्या तारांची अशी वळवावळव आणि समुद्रात सरळ पडलेली केबल यांत फरक आहे, हे तेव्हा नीट उमगलं नाही. ही चूक एकट्याची नव्हती. फॅरडे यांची चूक चरित्रांत एका ओळीत मिटते आणि व्हाइटहाउस यांची चूक पुस्तकाचा अध्याय होते, ही वाटणी कोणत्या निकषावर झाली?

नमुना ठरला, तरी माल चांगला निघाला असता तर गोष्ट निराळी झाली असती. माल चांगला निघाला नाही. थॉमसन यांनी १८५७ मध्ये बाजारातल्या तांब्याचे नमुने तपासले, तेव्हा दिसायला सारखं असलेलं तांबं वीज वाहून नेण्यात जमीन-अस्मानाचा फरक दाखवतं असं आढळलं. काही नमुन्यांची वाहकता दुसऱ्यांच्या निम्म्याच्या घरात होती. तोवर केबलचा मोठा भाग तयार होऊन गेला होता. शुद्धतेची अट पुढच्या वाढीव तुकड्यांना लागली, आधीच्या शेकडो मैलांना नाही.

केबल दोन कारखान्यांत बनली. निम्मी ग्रीनिचला ग्लास, इलियट कंपनीत आणि निम्मी बर्कनहेडला आर. एस. न्यूअल कंपनीत. दोघांनी लोखंडी चिलखताचा पीळ एकमेकांच्या उलट दिशेला दिला. भर समुद्रात ही दोन टोकं जोडली की ताणाखाली एकीचा पीळ दुसरीचा पीळ उलगडायला लावणार, हे केबल तयार झाल्यावर लक्षात आलं आणि जोडासाठी खास आधार बनवावा लागला. एवढी ढोबळ गोष्ट कोणी आधी विचारली नाही, यावरून देखरेखीची पातळी कळते. ग्रीनिचच्या आवारात १८५७ च्या उन्हाळ्यात केबलची वेटोळी उघड्यावर पडली होती. उन्हाने गटापर्चा मऊ झाला आणि आतली तांब्याची तार जागोजाग मध्यावरून सरकून एका बाजूला आली. मध्यावरून सरकलेली तार म्हणजे एका बाजूला आवरण जाड आणि दुसऱ्या बाजूला पापुद्र्याएवढं. समुद्राचं पाणी त्या पापुद्र्यापासूनच आत शिरणार. १८५७ च्या ऑगस्टात पहिल्या प्रयत्नात केबल तुटून तीनशेहून अधिक मैलांचा तुकडा दोन मैलांहून जास्त खोल पाण्यात गेला. उरलेली केबल जहाजांवरून उतरवून प्लिमथजवळच्या कीहॅम गोदीत हिवाळाभर ठेवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढवली. गुंडाळणं, उलगडणं, पुन्हा गुंडाळणं असं कितीदा तरी झालं. जूनमधल्या वादळात ‘ॲगामेम्नॉन’ जहाज बुडता बुडता वाचलं, पण त्यावरच्या वेटोळ्याचा मोठा भाग हलून गुंतला. तयार केबल सलग पाण्यात बुडवून तिची परीक्षा एकदाही झाली नव्हती. तिची पहिली खरी परीक्षा अटलांटिकच्या तळाशीच झाली.

आणि ती परीक्षा पहिल्याच दिवशी वाईट गेली. २९ जुलै १८५८ रोजी भर समुद्रात जोड देऊन ‘ॲगामेम्नॉन’ पूर्वेला आणि अमेरिकेचं ‘नायगरा’ पश्चिमेला निघालं. काही तासांतच ‘ॲगामेम्नॉन’च्या खोलात वेटोळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसांना पुढे जाणाऱ्या केबलचा एक भाग दुखावलेला दिसला. तो थोड्याच वेळात चाकांवरून समुद्रात जाणार होता. जहाजाचा वेग कमी केला आणि कारागिरांनी दुखावलेला भाग कापून नवा जोड द्यायला घेतला. त्याच सुमाराला विद्युत खोलीतून निरोप आला की दुसऱ्या जहाजाकडून येणारे संकेतच थांबले आहेत. खाली जोड अपुरा, वर संकेत नाहीत, मागे केबल ताणलेली. ‘टाइम्स’चा वार्ताहर जहाजावर होता आणि थॉमसन किती अस्वस्थ झाले होते, त्यांचे हात कसे कापत होते, हे त्याने लिहून ठेवलं आहे. जोड कसाबसा पुरा झाला, तरी संकेत येईनात. सगळं संपलं असं वाटत असताना काही वेळाने ते आपोआप परत आले. का गेले होते आणि का परत आले, हे त्या वेळी कोणाला नक्की सांगता आलं नाही. आतल्या आत तुटू पाहणारी, मधूनच जुळणारी केबल समुद्रात चालली होती, आणि ती तशीच किनाऱ्याला लागली.

व्हाइटहाउस त्या जहाजावर नव्हते. प्रकृतीचं कारण सांगून दोन्ही वर्षी ते किनाऱ्यावर राहिले आणि त्यांच्या जागी थॉमसन विनामोबदला गेले. त्यांच्या नावावर टाकण्याजोगी ही एक गोष्ट आहे. दुसरी याहून गंभीर. व्हॅलेन्शियात येणारे संकेत त्यांचं स्वतःचं पेटंट यंत्र टिपू शकत नव्हतं. ते थॉमसन यांच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरवर वाचले जात होते. इवल्याशा आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावीकडे-उजवीकडे सरके आणि त्यावरून अक्षरं लावली जात. व्हाइटहाउस यांनी संचालकांना असा भास होऊ दिला की सगळं आपल्या यंत्रावरच चाललं आहे. हा अप्रामाणिकपणा होता आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. तिसरी गोष्ट आज्ञाभंगाची. दोष किनाऱ्याजवळ आहे असं ठरवून त्यांनी मंडळाच्या मनाविरुद्ध बंदरातली केबल उचलायला घेतली. बडतर्फीच्या वेळी मंडळाचं मोठं गाऱ्हाणं हे होतं. कॉइलने केबल जळाली हा आरोप पुढे ठळक होत गेला आणि तो होता होता मुख्य आरोप बनला. बडतर्फीनंतर थॉमसन यांनी सुरुवातीला मंडळाकडे व्हाइटहाउस यांची बाजूही मांडली होती.

म्हणजे व्हाइटहाउस हे सज्जनतेचे पुतळे नव्हते. हेकट होते, श्रेयाचे भुकेले होते, स्वतःच्या यंत्रांच्या मोहात पडलेले होते. यातला प्रत्येक दोष नावानिशी सांगावा. पण यातल्या एकाही दोषाने केबलच्या आवरणातली तार मध्यावरून सरकलेली नाही.

ते डॉक्टर होते, हौशी होते, हा टोमणा तर सोडूनच द्यावा. त्या काळात विद्युत अभियंता घडवणारं महाविद्यालय नव्हतं. मोर्स चित्रकार होते. इंग्लंडमध्ये तारायंत्र रुजवणारे विल्यम कुक मद्रासच्या फौजेत अधिकारी होते. हिंदुस्थानात तारांचं जाळं उभारणारे विल्यम ओशॉनेसी हे कंपनी सरकारचे डॉक्टरच होते आणि त्यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात हुगळी नदीखालून तार नेऊन संदेश पाठवून दाखवला होता. कोण कुठल्या व्यवसायातून आला यावरून तारायंत्रातली योग्यता ठरवायची, तर या इतिहासात फारच थोडी माणसं उरतील.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द थॉमसन यांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी १८६० साली लिहिलेल्या लेखात त्यांनी म्हटलं की सुरुवातीपासून कॉइल न लावता फक्त वीस डॅनियल घट आणि दोन्ही टोकांना आरशाचे गॅल्व्हानोमीटर वापरले असते, तर केबल अजूनही चालू असती. हे विधान वजनदार माणसाचं आहे. पण त्याच वाक्यात त्यांनी कबूल केलं आहे की किनाऱ्याला लागली तेव्हाच केबल सदोष होती. गोष्ट सांगणारे पहिला भाग उचलतात आणि हा दुसरा भाग गाळतात. मोठ्या दाबाने आधीच्या छिद्रात जास्त वीज शिरते आणि छिद्र रुंदावतं, हे बरोबर. कॉइलने मरण लवकर आणलं असेल. पण निरोगी आवरण आणि आधीच भोक पडलेलं आवरण यांतला फरक या प्रकरणात निर्णायक आहे, आणि ते भोक कॉइलने पाडलेलं नव्हतं. थॉमसन कंपनीचे संचालक होते आणि आरशाचा गॅल्व्हानोमीटर त्यांच्या पेटंटचा होता, हेही त्यांचं मत तोलताना लक्षात ठेवावं लागतं. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण ते या वादात तटस्थ पंच नव्हते.

याच मालेत अभियंते लॅटिमर क्लार्क यांच्या अंगुस्तानाचा दाखला येतो. १८६६ मध्ये अटलांटिकपार दोन केबल चालू झाल्यावर त्यांनी न्यूफाउंडलंडकडची टोकं एकमेकांना जोडवली. व्हॅलेन्शियात शिवणकामाच्या चांदीच्या अंगुस्तानात जस्ताचा तुकडा आणि थोडं आम्ल घालून इवलासा घट केला आणि त्याच्या जोरावर संकेत महासागरापार जाऊन परत आणला. हा प्रयोग सुंदर आहे. कॉइलची गरज नव्हती हे त्यातून दिसतं. पण तो यशस्वी झाला तो तीनशे पौंड शुद्ध तांब्याच्या आणि चारशे पौंड आवरणाच्या, पुन्हा पुन्हा तपासलेल्या केबलवर. १८५८ च्या केबलबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. डोनार्ड डी कोगन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या केबलच्या बांधणीकडे, विशेषतः मध्यावरून सरकलेल्या तारेकडे, लक्ष वेधलं आणि ही केबल कोणत्याही हाती फार काळ टिकली नसती असा निष्कर्ष काढला. अभ्यासकांनी तो गांभीर्याने घेतला. लोकप्रिय पुस्तकांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही.

ज्यांना एवढ्यानेही पटत नसेल त्यांनी तांबड्या समुद्राकडे पाहावं. तिथे व्हाइटहाउस नव्हते.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला सहा-सात आठवडे लागले, याची ब्रिटिश सरकारने धास्ती घेतली. रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनीला आठ लाख पौंडांच्या भांडवलावर पन्नास वर्षं साडेचार टक्के व्याजाची हमी मिळाली, आणि केबल चालो वा बंद पडो, ही हमी लागू होती. काम न्यूअल कंपनीने केलं. सुएझपासून एडनपर्यंतची केबल १८५९ मध्ये आणि एडनहून मस्कतमार्गे कराचीपर्यंतची १८६० मध्ये पडली. तळाचं नीट सर्वेक्षण नव्हतं. पोवळ्याच्या खडकांवरून केबल ताणून टाकली, तिला ढील ठेवली नाही. दोन खडकांमध्ये ती अधांतरी लोंबकळत राहिली, तिच्यावर शिंपले आणि समुद्री जीव चढले आणि त्या वजनाने ती तुटली. उबदार खाऱ्या पाण्यात पातळ चिलखत गंजलं. एक तुकडा दुरुस्त होईपर्यंत दुसरा बंद पडे. सुएझ ते कराची हा सलग मार्ग व्यापाराला कधीच खुला झाला नाही, पण वर्षाला छत्तीस हजार पौंड देणं अर्धशतक चालू राहिलं, आणि त्यातला वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवरही पडला. इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून समुद्रात गंजलेल्या तारेचं व्याज गेलं. या नुकसानीसाठी इतिहासाने कोणाही एकाला खलनायक केलं नाही, कारण तसा सोयीचा माणूस हाताशी नव्हता.

दोन मोठ्या बुडीत खात्यांनंतर सरकारने आणि अटलांटिक कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली. कॅप्टन डग्लस गॅल्टन अध्यक्ष, आणि चार्ल्स व्हीटस्टन, विल्यम फेअरबेर्न, लॅटिमर क्लार्क, क्रॉमवेल व्हार्ली अशी माणसं सदस्य. साक्षी झाल्या, प्रयोग झाले आणि १८६१ मध्ये जाडजूड अहवाल आला. तोवर जगात अकरा हजार मैलांहून अधिक समुद्री केबल टाकली गेली होती आणि त्यातली जेमतेम तीन हजार मैल चालू होती. मेलेल्या आठ हजार मैलांपैकी व्हाइटहाउस यांच्या कॉइल लागल्या त्या सुमारे दोन हजारांना. बाकीचे सहा हजार मैल कोणाच्या कॉइलने मेले?

अटलांटिकच्या केबलबद्दल समितीचा निष्कर्ष स्वच्छ होता. प्रायोगिक माहितीअभावी मूळ रचना सदोष होती, उत्पादनावर योग्य देखरेख नव्हती आणि तयार झाल्यावर केबल पुरेशा काळजीने हाताळली गेली नाही. केबल पाण्यात पडण्याआधीच तिच्यात असलेल्या वाईट जोडांचे नमुने समितीने डोळ्यांनी पाहिले. केबल सदोष आहे आणि दोष कुठे कुठे आहेत, हे जाणकारांना ती टाकण्याआधीच कळायला हवं होतं, असं समितीने लिहिलं. या समितीत कंपनीच्या बाजूची माणसं होती, विजेचे जाणकार होते, आणि कॉइलची सगळी हकिकत तिच्यासमोर होती. तरी तिने खापर एका डॉक्टरवर फोडलं नाही. दीडशे वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलं गेलं, ते बाजूला सारून आपण अजून गप्पांतली गोष्ट सांगत बसलो आहोत.

गोष्ट टिकली कशी, हे समजणं अवघड नाही. पहिल्या केबलच्या अपयशानंतर कंपनीला पुन्हा भांडवल उभारायचं होतं. ‘आमची रचना चुकली, माल न तपासता घेतला, तारखेसाठी घाई केली’ असं म्हणून भागधारकांकडे जाता येत नाही. ‘एका नोकराने बिघडवलं, त्याला काढून टाकलं’ असं म्हणून जाता येतं. व्हाइटहाउस यांनी १८५८ मध्येच संचालकांना जाहीर उत्तर दिलं. त्यांची भाषा तिखट होती आणि तिने त्यांचंच नुकसान केलं. पुढे थॉमसन सर झाले, लॉर्ड झाले, शतकाचे थोर शास्त्रज्ञ झाले. फील्ड यांच्यावर गौरवग्रंथ निघाले. व्हाइटहाउस १८९० मध्ये वारले तोवर गोष्टीचा साचा पक्का झाला होता.

गॅल्टन समितीच्या अहवालाने काय बदललं, ते इराणच्या आखातात दिसलं. विद्युतरोधाचं ठरावीक एकक हवं म्हणून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये समिती नेमली आणि तिच्या कामातून ओहमचं मानक आलं. आता कारखान्याला ‘चांगलं तांबं द्या’ असं मोघम सांगण्याऐवजी आकडा सांगता येऊ लागला. हिंदुस्थान सरकारच्या इंडो-युरोपियन तारखात्यासाठी ग्वादर ते फाव ही केबल बनली, तेव्हा तांब्याची वाहकता अटीत होती, गाभ्याचा प्रत्येक तुकडा ठरावीक तापमानाच्या पाण्यात तपासला जात होता, नापास झाला की परत जात होता. केबल शिडाच्या जहाजांतून केपला वळसा घालून मुंबईला आली आणि तिथून आगबोटींनी ओढत आखाताकडे नेली. १८६४ मध्ये ती पडली आणि वर्षानुवर्षं चालली. तिचे अभियंते होते लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट. हेच ते ब्राइट, ज्यांचा जाड तारेचा आग्रह १८५६ मध्ये मोडून काढला गेला होता आणि ज्यांना आयता ठरलेला नमुना समुद्रात टाकावा लागला होता. या खेपेला अटी त्यांनी लिहिल्या होत्या आणि माल नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.